कुलपाला ताप नसतो

डेंग्यू कुठं जास्त, कुठं कमी, हे नकाशावर रंगवून दाखवायची आमच्या साहेबांना भारी हौस. राहुरीकडचा पाण्याचा भाग लालभडक आणि आमचा खर्ड्याकडचा कोरडवाहू पट्टा हिरवागार. इथं धड गवत उगवत नाही, पण नकाशात बघा हिरवळ! "तुमच्या गावाचं रहस्य काय?" साहेबांनी भर बैठकीत मला विचारलं. मी उठून बेधडक सांगितलं, "जनजागृती, साहेब." टाळ्या पडल्या.

रहस्य कसलं डोंबलाचं! दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला राहुरीकडं जातं. मी घरोघर ताप विचारत फिरणारा आरोग्य कर्मचारी. दार उघडं असो नाहीतर बंद, भिंतीवर गेरूनं तारीख टाकावी लागते. 'घर बंद' लिहिलं की त्या घराला पुन्हा हेलपाटा आला. म्हणून कुलूप दिसलं की मी 'ताप नाही' लिहून मोकळा व्हायचो. कुलपाला कुठं ताप येतो? माझ्या धाकट्या बहिणीच्या भिंतीवरही तेच लिहिलं होतं.

बैठकीतला चहा संपायच्या आत राहुरीहून तिचाच फोन आला. "दादा, चार दिस झालं ताप हाय. उभं ऱ्हावंना. हितं पान्याच्या पिंपात डासाच्या आळ्या वळवळायल्यात. ताप इचारनारा आल्ता, म्हनला, तुमी आमच्या गावच्या न्हाई, तुमची नोंद तिकडं."

तिकडं म्हणजे माझ्या वहीत. उघडून बघितली, तर बाईसाहेब ठणठणीत! राहुरीच्या लालात ती नव्हती, आमच्या हिरव्यात निरोगी होती. मेली असती तरी निरोगीच राहिली असती. माझी मलाच शिसारी आली.

तसाच राहुरीकडच्या उसाच्या फडावर गेलो. पाचटानं शाकारलेल्या कोपीत, त्या टीचभर झोपडीत, ती गोधडी पांघरून पडली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. दवाखान्यात नेली. आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. वाचली पोरगी.

हंगाम संपवून ती गावी आली त्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन तिच्या दारात हजर. भिंतीवरचं 'ताप नाही' पुसायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दी की दादा. दिवाळी झाली की परत कुलूप लावून जायचंच हाय. तुझा हेलपाटा वाचंल."