तणात धरलेली तूर

आमच्या निघोजे गावात पेरणीची पाभर पुरुष हाकायचे, पण तिच्यामागून बाजरीच्या मधल्या ओळींत तूर-मटकीचं बी सोडायच्या बायका. त्या ओळी बायकांच्या. तिथली डाळ बाईच ठेवणार, बाईच काढणार. पुरुषानं त्यात तोंड घालायचं नाही. एकोणीसशे पन्नास सालानंतर मी नवी सून होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी त्या ओळी माझ्या हाती दिल्या. नणंद पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिच्यापुरती तरी डाळ घरची हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्याच पावसाळ्यात पुण्याहून शेतीखात्याचा साहेब आला. तण मारायचं नवं औषध, आता खुरपायला नको म्हणे! लोकांना दाखवायला आमचंच रान निवडलं. सासरे हरखून गेले. घरात आम्ही दोघी जित्या बायका होतो, पण विचारतो कोण? पाठीवर पंप घेऊन माणसांनी सगळं रान भिजवलं.

आठवड्याभरात तणानं मान टाकली, आणि माझ्या तुरीनंही. शेंडे पिळवटले, मटकी जागीच करपली. बाजरी मात्र मजेत डुलत होती. औषध रुंद पानाचं सगळंच मारतं, हे साहेबाला ठाऊक होतं हो! बाजरीत तूर असते, एवढंच ठाऊक नव्हतं. विचारायला त्याचं काय जात होतं?

पुढं तो चार बडी माणसं घेऊन आला. बांधावरून म्हणाला, "बघा, तणाची काडी नाही. आता हे गावोगाव न्यायचं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर सासऱ्यांचा हुकूम, पाहुण्यांना जेवायला वाढा.

वाढलं की! भाकरी, ठेचा आणि वाटीत तिखट-मीठ-हळदीचं उकळतं पाणी. मडक्यात जुनी मूठभर डाळ होती, तिला मी हात लावला नाही. सासूबाईंनी पाहिलं, पदर खोचला आणि वाट्या स्वतः नेऊन ठेवल्या.

साहेबानं भुरका मारला. "वहिनी, आमटीत डाळ घालायची राहिली वाटतं."

"राहिली न्हाई, साहेब. तुमी मारली. आता वरीसभर आमी हेच खानार, आन् बाळंतिणीलाबी हेच वाढनार."

"सूनबाई!" सासरे खेकसले.

साहेब हसला. "एवढ्याशा डाळीसाठी सरकारी योजना थांबत नसते, वहिनी."

नाहीच थांबली. संक्रांतीनंतर नणंद आली, बाळंत झाली. तिच्यापुढं आम्ही तीच बिनडाळीच्या पाण्याची वाटी ठेवायचो. तिला दूध पुरेना, पोर रडून रडून काळंनिळं पडायचं. ते रडणं कुठल्या योजनेत धरलंय, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.