कोपऱ्यावरचा बांबू

"बांबू वळलो काय माणूस वळतलो," असं म्हणत काका, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, खांद्यावर बांबू घेऊन गल्लीचा कोपरा वळू बघायचे. बांबू सात फुटांचा आणि कोपऱ्यावर वाट जेमतेम अडीच फुटांची. टोक दरवेळी कुणाच्या तरी पत्र्यावर आपटायचं आणि आतून शिव्या यायच्या. तुम्ही तेव्हा घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर आला असतात, तर तुम्हीही त्यांना वेडं ठरवलं असतं.

ते वेडे नव्हते. संपात त्यांची गिरणी सुटली आणि पाठोपाठ बायको गेली. तिची तिरडी या कोपऱ्यावर अडली. शेवटी दोघांनी तिला हातांवर उचलून खालच्या रस्त्यापर्यंत नेलं. काका मागून चालत एवढंच म्हणत होते, "तिचो पदर सांभाळा रे." या गल्लीतून पुन्हा कुणाला असं न्यावं लागू नये, हा एकच ध्यास त्यांना लागला. बांबू तिरडीच्या मापाचा होता.

पुढे वस्तीसुधारणेचं काम आलं. म्युनिसिपालिटी गटार बांधणार, लाद्या बसवणार. घरं मात्र लोकांनी आपणहून मागे घ्यायची. काकांनी आधी स्वतःच्या खोलीचा कोपरा तिरका पाडला. बायको स्टोव्ह मांडायची, नेमका तोच. मग ते दारोदार फिरले.

समोरच्या घरातली सून म्हणाली, "काका, कोणाला न्यायची एवढी घाई झालीय?"

"तुका न्हय गो. तुझ्या सासूक."

आतून म्हातारी ओरडली, "तुका पोचवल्याशिवाय मी खंय जातंय रे मेल्या!"

सगळी गल्ली हसली आणि हसत हसत ओटे मागे गेले. लाद्या बसल्या त्या दिवशी बांबू कुठेही न आपटता वळला. काका तिथेच खाली बसले. "आज ती वळली असती," म्हणाले.

तीन-चार वर्षांनी म्हातारीचे पाय गेले. सार्वजनिक मोरी वस्तीच्या पार टोकाला. सुनेने दारातच, कोपऱ्यावर, तिच्यासाठी मोरी बांधायला घेतली. मी काकांना म्हटलं, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल ती." ते बांबू घेऊन गेले. बांबू अर्धवट विटांना अडला. म्हातारी दाराला धरून त्यांच्याकडे बघत होती.

"बांध गो," ते सुनेला म्हणाले. "म्हातारी खंय जातली इतक्या लांब?"

त्यानंतर बांबू त्यांच्या दाराशीच उभा असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. म्हातारी आतून रडत ओरडत होती, "पाडा गो ती भिंत!" सून हातोडा घेऊन बाहेर आली. गावाहून आलेल्या त्यांच्या भावाने तो तिच्या हातून काढून घेतला. "तेनाच बांधूक सांगल्यान ना? ऱ्हवांदे."

मी खांद्यांखाली हात घातले, भावाने पाय धरले. कोपऱ्यावर त्यांचा खांदा विटांना घासणार, तोच म्हातारीने दारातून हात लांब केला आणि आपला तळवा भिंतीवर टेकवून ठेवला. आम्ही वळलो.

खाली रस्त्यावर तिरडी तयार होती. तिच्या दोन लांब बांबूंपैकी एक ओळखीचा होता. पत्र्यांवर आपटून आपटून त्याचं टोक चिरलेलं होतं.