पप्पांनी रद्द केलेली स्टेज

माझ्या हातातोंडाशी आलेली ट्रॉफी माझ्या वडिलांनी घालवली.

ते आज सकाळी गेले.

किडनीचं दुखणं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी त्रास झाला नाही. झोपेतच गेले.

तुमचे फोन येतायत, पण बोलवत नाही. म्हणून इथं लिहिते.

पप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. पण रॅलीच्या लोकांसाठी ते 'रस्त्यावाले काका'.

ज्यांना रॅली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. गावाकडचा एखादा रस्ता काही तास बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात. गाड्या एकेक करून सोडतात. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला.

तो रस्ता बंद करायचं आणि सांभाळायचं काम पप्पांचं.

रॅलीच्या आधी ते राधानगरीकडच्या गावांत स्कूटरवरून हिंडायचे. घरोघरी चहा. पहिला प्रश्न ठरलेला, "दुधाची गाडी कवा येती?"

सकाळचं दूध डेअरीला गेल्याशिवाय त्यांच्या स्टेजवर एक गाडी सुटायची नाही. पुण्या-मुंबईचे ड्रायव्हर हेल्मेट घालून ताटकळायचे. एकानं तक्रार केली तर म्हणाले, "म्हस काय तुमच्या टाइमटेबलवर दूध देती व्हय?"

मी स्वतः ड्रायव्हिंग सीटवर बसले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं.

"स्टेजवर मी तुझा बाप न्हाय."

मला वाटलं, गंमत करतायत.

मग ती रॅली आली. शेवटचा दिवस. मी दुसऱ्या नंबरवर, पहिला वारणानगरचा एक मुलगा. फरक अगदी थोड्या सेकंदांचा.

शेवटची स्टेज पप्पांची होती. त्याच रस्त्यावर सकाळी एकदा गाडी पळवली होती आणि तिथं मी त्या मुलापेक्षा बरीच फास्ट होते. दुपारी पुन्हा तोच रस्ता. म्हणजे नुसती सकाळसारखी चालवली तरी रॅली माझी. आणि आपल्याकडं एखाद्या मुलीनं ओव्हरऑल जिंकलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

शर्वरी, माझी नेव्हिगेटर, शेजारी बसून वळणांच्या नोट्स पुन्हा वाचत होती. आम्ही स्टार्टला बेल्ट आवळून बसलेलो.

सोडेचनात.

मार्शलच्या वायरलेसवर पप्पांचा आवाज येत होता. एका वळणाच्या बाहेरच्या बाजूला माणसं बसली होती. गाडी सरकली तर जिथं जाईल, नेमकं तिथं. पप्पा उठवायचे, लोक उठायचे, पप्पा पुढं गेले की परत येऊन बसायचे.

"पावणं, हितनं उठा. पलीकडं वर बसा, तितनं बी दिसतंय."

"आमच्याच गावचा रस्ता हाय की. आम्ही कुटं बसायचं ते तुमी सांगणार?"



मग पप्पांचा आवाज, अगदी शांत.

"ही स्टेज सुरक्षित न्हाय. माझ्याकडनं रद्द."

मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं, "काका, स्टार्टला कोण उभं हाय म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

स्टेज रद्द झाली. आधीच्या वेळा कायम राहिल्या. मी दुसरी.

गाड्यांच्या सर्व्हिसच्या मांडवात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पोरगी जितत हुती, बापानंच घालीवली." पप्पांनी ऐकलं. चहा पीत राहिले.

मी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

बक्षीस समारंभाआधी ते आले. "चल जरा."

"कुठं?"

"चल तर."

मला त्या वळणावर घेऊन गेले. रस्ता उघडला होता, एसटी नुकतीच गेली होती. माणसं केव्हाच घरी गेलेली.

वळणाच्या बाहेर, रस्ता सोडून आत गवतात, टायरचे दोन पट्टे होते. गवत आडवं झालेलं, माती उकरलेली.

माझेच पट्टे. सकाळी गाडीचा मागचा भाग तिथं बाहेर गेला होता. मी सावरलं होतं आणि विसरूनही गेले होते. फास्ट वेळ लागली होती ना.

त्या पट्ट्यांवर शेंगांची टरफलं पडली होती. भरपूर. बिस्किटांचे कागद. आणि लहान मुलाची एक चप्पल.

मी तिथंच उभी राहिले.

पप्पांनी चप्पल उचलून एका दगडावर ठेवली, शोधायला आलं कुणी तर दिसावी म्हणून.

मग म्हणाले, "चल. भूक लागली आसंल."

दुसऱ्या नंबरची ट्रॉफी मी घेतली. फोटोत हसते आहे, ते खोटं नाही.

त्यानंतर मी दोन रॅली जिंकले, हे तुम्हाला माहीत आहे. दोन्ही वेळा पप्पा फिनिशला नव्हते. कुठल्या तरी वळणावर लोकांना उठवत होते.

यंदा डायलिसिसमुळं त्यांना जाता येईना. मी गाडी चालवली नाही. त्यांची स्टेज मी सांभाळायला घेतली. स्कूटरवरून गावं फिरले, दुधाच्या गाडीची वेळ विचारली, शिव्याही खाल्ल्या.

पहिली गाडी सुटायच्या आधी दवाखान्यातून फोन.

"भाईरच्या बाजूला कोण हाय?"

"कोणी न्हाय, पप्पा. सगळी वळणं चालत बघून आलीय."

"चालत?"

"व्हय."

मागं नर्सचा आवाज येत होता.

"मग सोड गाड्या."

संध्याकाळी घरीच आहोत आम्ही. आई बोलतेय सगळ्यांशी. या.

पप्पा, तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.