सलामीचं लोणचं

सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे नॉटिंगहॅमला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी फेन्सवरून शेजारच्या इटालियन आजींशी हातवारे करून गप्पा मारू लागल्या. आजी ऐंशीच्या, सासूबाई सत्तरीच्या. आजींना मराठी येत नव्हतं, सासूबाईंचं इंग्रजी ‘थँक्यू’पाशी संपत होतं. त्यामुळे आजींनी चहाला बोलावलं तेव्हा दुभाषी म्हणून मला जावं लागलं. मी वर्क फ्रॉम होम करते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच असते.

आजी सांगू लागल्या. युद्ध संपून काही वर्षं झाली होती तेव्हा, सात वर्षांच्या असताना, त्या इंग्लंडला आल्या. वडील वीटभट्टीवर कामाला. आईला इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून दुकानात, दवाखान्यात, शाळेत ती लेकीलाच पुढे करायची. एकदा शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून तक्रार केली, “तुमची मुलगी वर्गात अखंड बडबडते.”

लेकीने आईला सांगितलं, “बाई म्हणतात, मी फार छान बोलते.”

आईचे डोळे भरून आले. तिने बाईंना मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि दुसऱ्या दिवशी गावाकडून आलेली अख्खी सलामी, म्हणजे डुकराच्या मांसाचं सुकवलेलं सॉसेज, शाळेत पाठवली. बाईंनी पुन्हा कधी तक्रार केली नाही.

इथवर मी इमानाने सांगत होते. पण सलामीपाशी जीभ अडली. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत, आणि आजींच्या केकचा घास त्यांच्या तोंडात होता. मी म्हटलं, “आई, त्यांच्या आईने बाईंना घरचं लोणचं पाठवलं.”

“बरं केलं,” सासूबाई म्हणाल्या.

पंधराव्या वर्षी आजी मोज्यांच्या कारखान्यात लागल्या. दिवसभर मशिनवर मोज्यांची टोकं शिवायची. तिथे पाच-सहा इटालियन मुली होत्या. त्या काम करताना सुपरवायझरबाईंच्या नाकावर रचलेलं गाणं गायच्या. बाईंना वाटलं, देवाचं गाणं आहे. त्यांनी ख्रिसमसला मालकासमोर ते मुद्दाम म्हणायला लावलं आणि स्वतः हात जोडून उभ्या राहिल्या.

हे मी सांगितलं. पण पुढे आजी कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरवर आल्या. देखणा इंग्रज. कालव्याच्या काठी चोरून भेटायचे, आणि तिथे काय काय चालायचं ते आजींनी डोळे मिचकावत तपशीलवार ऐकवलं. मी सासूबाईंकडे वळून म्हटलं, “मग त्यांचं लग्न ठरलं.”

आजींनी कप खाली ठेवला.

“मी पाच मिनिटं बोलले. तुझं एवढ्यात संपलं? आणि सलामीला सगळीकडे सलामीच म्हणतात. तुझ्या बोलण्यात ती आलीच नाही. पोरी, हा धंदा मी सातव्या वर्षापासून केलाय. आता सगळं सांग.”

माझी चोरी पकडली गेली होती. मी सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. सलामी कशाची असते तेही, कालव्याचंही.

“अगं, मला खायला थोडीच सांगतायत त्या!” सासूबाई म्हणाल्या. “आणि कालव्याचं कशाला गाळलंस? पुढे काय झालं विचार.”

पुढे तो ड्रायव्हर रीतसर मागणी घालायला घरी आला. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला इटालियन. दुभाषी कोण, तर नवरीच.

वडिलांनी विचारलं, “हा कॅथलिक आहे का?”

तिने त्याला विचारलं, “बाबा विचारतायत, आईच्या हातचं जेवण आवडलं का?”

तो उत्साहाने म्हणाला, “येस! येस!”

एवढं इंग्रजी वडिलांना कळत होतं. त्यांनी उठून त्याला मिठी मारली.

आठवड्याभराने पाद्रीबाबांकडे लग्नासाठी नाव नोंदवायला गेल्यावर तो कॅथलिक नसल्याचं बिंग फुटलं. वडिलांनी त्याला घराचं दार बंद केलं. दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोलेना. त्या काळात आपण खरंच खूप रडलो, असं आजी म्हणाल्या. शेवटी तिने त्याला माफीचं एक इटालियन वाक्य शिकवलं आणि दाराशी उभं केलं. त्याने बिचाऱ्याने टोपी काढून गंभीरपणे म्हटलं, “मी गाढव आहे, मला पावसात ठेवू नका.”

वडील आधी बघतच राहिले, मग हसत सुटले, आणि त्यांनी त्याला आत घेतलं. त्याला त्या वाक्याचा अर्थ पहिलं मूल झाल्यावर कळला.

हे सगळं मी शब्दन्‌शब्द सांगितलं. सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, “त्यांना सांग, तुझ्या सासऱ्यांना मीसुद्धा लग्नाआधी दोनदा भेटले होते. पर्वतीवर. घरी कुणाला माहीत नाही.”

मलाही माहीत नव्हतं. नवऱ्याला तर अजूनही नाही.

मी आजींना सांगितलं.

“फक्त दोनदा?” आजींनी विचारलं.

मी ते मराठीत सांगताच सासूबाईंनी केकच्या दुसऱ्या तुकड्याला हात घातला.