सोनाक्काची वेगळी चूल

मंडळी, देवघरात निर्माल्य साचावे तसे पोस्टात किस्से साचतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. मग कधीतरी चार माणसांत बसून ते वाहत्या पाण्यात सोडावे लागतात. नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावात आमचे पोस्ट होते. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. सकाळची पूजा आटोपली, की कपाळावरचे गंध वाळायच्या आत मी पोस्टमास्तर होत असे! ऐंशी साल उलटून गेले होते. ज्यांना कोणी सांभाळणारे नाही अशा निराधार म्हाताऱ्यांना सरकार दरमहा मनीऑर्डर पाठवू लागले होते. आमच्या गावात पहिली मनीऑर्डर सोनाक्काला आली.

*

सोनाक्काला तसे दोन मुलगे होते. थोरला नथ्थू, धाकटा दगडू. दोघेही मजूर. एकाच घरात मधे कूड घालून वेगळे राहत. विधवा आईला एक महिना हा जेवू घाली, एक महिना तो.

अधिक महिना आला, की मात्र पंचाईत! पुण्य गाठीला बांधण्याचा तो तेरावा महिना. एका अधिकात आम्ही देवळात पोथी लावून बसलो होतो, आणि बाहेर पारावर या दोघांची जुंपली.

नथ्थू म्हणाला, “अधिकना महिना मन्हा वाटामा नही!”

दगडू म्हणाला, “मन्हा बी नही. तो देवना महिना शे, देवच जेवाडी तिले!”

हे सगळ्या गावाने ऐकले. गावच्या कमिटीने पुढे तिचे नाव सुचवले, तेव्हा कोणी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

*

पहिली मनीऑर्डर घ्यायला सोनाक्का तयार होईना.

“आबा, मी कोनाच वावरमा काम करं नही. मंग हाऊ पैसा कसाना?”

मी म्हणालो, “अक्का, काम करावे लागत नाही. सरकारने असेच दिले आहेत.”

तिने अंगठा उठवला, पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि गेली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खराटा घेऊन दारात उभी!

“सरकारनं आंगन कोठे शे? झाडी देस.”

सरकारला अंगण नसते, हे तिला कसे पटवणार? शेवटी तिने आमचेच अंगण झाडले. दर मनीऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी झाडू लागली. आमच्या घरातून तक्रार आली, “रांगोळीसकट झाडतात हो!”

*

पैसे सुरू झाल्यावर पुन्हा एकदा अधिक महिना आला. पुन्हा पोथी लागली, पुन्हा पारावर भांडण!

नथ्थू ओरडत होता, “अधिक महिना थोरलानाच ऱ्हास!”

दगडू म्हणत होता, “मांगल्या खेपले तू नही म्हनेल व्हता ना? आते गप बस!”

पोथी वाचणाऱ्या बुवांनी ओळीवर बोट ठेवले. म्हणाले, “अधिक मासाचे माहात्म्य बाहेर माझ्यापेक्षा चांगले चालले आहे.”

*

नथ्थूची बायको लीला. तिची एक गंमत होती. मनीऑर्डर वेळेवर यायची असली, की ती दारातूनच विचारी, “आबा, मन्ही मायनी मनीऑर्डर उनी का?” चार दिवस उशीर झाला, की विचारी, “आबा, त्या बुढीनं काही उनं का?”

वरच्या ऑफिसातून एकदा चौकशी आली, की तुमच्या गावी टपालाला उशीर होतो काय? मी पोस्टमनला म्हणालो, “लीलाला विचारून सांगतो.”

*

एका एकादशीला आरतीचे ताट फिरत होते. सोनाक्काने त्यात पाचाची नोट टाकली आणि शांतपणे चार रुपये सुटे उचलले. भजनी मंडळी बघतच राहिली.

मी तिला हळूच म्हणालो, “अक्का, देवाला दिलेले परत घेत नाहीत.”

“देयेल कोठे लिधं, आबा? जास्तीनं लिधं.”

देवाने काही हरकत घेतली नाही. मी कशाला घेऊ?

*

आणि मग तालुक्याहून बातमी आली, की साहेब घरोघर तपासणी करणार. मुलांच्या घरात जेवणाऱ्या म्हातारीचे पैसे बंद होणार! पैसे बंद म्हणजे सोनाक्काचे पुन्हा तेच. अधिक महिना आला, की ती कोणाच्याच वाट्याला नाही.

नथ्थू आणि दगडू त्या दिवशी प्रथमच एकत्र माती कालवताना दिसले. त्यांनी ओट्यावर आईची वेगळी चूल मांडली. वेगळी चूल म्हणजे वेगळे घर, हा आमच्याकडचा नियम. तो सरकारही मानते.

साहेब काही महिने फिरकलेच नाहीत. चूल मात्र पेटली. सोनाक्का तिच्यावर आपल्यापुरती भाकरी टाकू लागली. किराणा तिच्याच पैशांचा. ठेच्याचा वास आला, तशी नातवंडे सरकली. मग नथ्थू “चव देखस” म्हणून बसला. दगडू बसला. त्याची बायको बसली. अखेर लीलाही म्हणाली, “दोन-दोन चुलींसले पऱ्हाट्या कोन आनी?” आणि कापसाच्या त्या सगळ्या काड्या ओट्यावर आणून ठेवल्या.

*

तपासणीची जीप आली ती नेमकी जेवणवेळेला. पोस्टमास्तर म्हणून साहेबांनी मलाही सोबत घेतले. सोनाक्काचे पैसे पुढे बंद झाले नाहीत, हे आधीच सांगतो. का झाले नाहीत, ते साहेबांना ठाऊक.

ओट्यावर सोनाक्का भाकरी थापत होती आणि समोर दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे, अशी सगळी पंगत ताटे घेऊन बसलेली!

साहेब आत गेले. “नथ्थू, तुमची चूल कुठे आहे?”

“हाई काय, साहेब. रोज पेटस,” नथ्थू पंगतीतूनच म्हणाला.

साहेबांनी वाकून पाहिले. चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने साहेबांकडे पाहिले, पण जागची हलली नाही.

साहेब बाहेर आले. लीलाने ताट पदराआड घेतले. नथ्थूचा घास हातातच राहिला.

“आजी, खरे सांगा. तुम्ही कोणाकडे जेवता?”

“मी कोनाकडे जासू, साहेब? ह्या सगळा मन्हाकडे जेवतस.”

“मग इथे निराधार कोण?”

सोनाक्काने तव्यावरची भाकरी उलटली. पिठाच्या हाताने सगळी पंगत दाखवली.

“निराधार ह्या शेतस. यास्ना नाव लिखी ल्या.”

मग थोरल्याला कोपराने ढोसून म्हणाली, “नथ्थू, सरक तिकडे! साहेबले बसू दे.”