काय कापणार?

चाचा सुऱ्या बनवायचे आणि त्यांतल्या बऱ्याच स्वतःच तोडायचे. दापोडीत रुळांना लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून घडवलेली प्रत्येक सुरी ते ऐरणीवर तीनदा आपटत. धार जराशी उडाली तरी घणाने तिचे तुकडे करत आणि ते भिंतीवर भिरकावत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला.

"घाबरली का, बेटी? सुरी पाहिजे? काय कापणार?"

"कांदा," एवढंच मला म्हणता आलं.

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत आणि उत्तर आवडलं नाही तर शिव्या देऊन हाकलत. कारण मला नंतर कळलं. गल्लीतल्या बंट्याने गावी ऊसतोडीला पाठवायचा म्हणून त्यांच्याकडून कोयता नेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच कोयत्याने भुर्जीवाल्याचं मनगट छाटलं. पोलिसांनी कोयता आणून दाखवला. मुठीखाली चाचांनी खूण म्हणून ठोकलेले तीन ठिपके होते, त्यांत रक्त वाळलेलं. "माझाच," चाचा म्हणाले. तेव्हापासून त्यांनी कोयते बंद केले. फक्त स्वयंपाकाच्या सुऱ्या, आणि पुढे त्याही परदेशातच विकायच्या, असं ठरवलं. "इथं कुणाच्या हातात देऊ? सांग ना."

मी हिंजवडीत दिवसभर स्क्रीनवरच बोलते, तोंडाने क्वचित. त्यामुळे बाजार निवडायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी ऐरणीशेजारी लॅपटॉप उघडून मी दोन संकेतस्थळं दाखवली. पहिलं अवाढव्य. माल त्यांच्या गोदामात पाठवायचा, पुढचं सगळं ते बघणार, विक्री भरपूर. दुसरं हातकामाच्या वस्तूंचं. विक्री कमी, पार्सल आपणच पाठवायचं, पण घेणाऱ्याशी लिहून बोलता येतं, ऑर्डर नाकारताही येते.

चाचांनी कमिशनचं विचारलंच नाही. "मोठ्यावाल्यात घेणारा कोण ते कळतं?"

"नाही."

"मग तिथं बंट्यापण घेईल. दुसरं लाव."

प्रत्येक ऑर्डरला मी इंग्रजीत तोच प्रश्न लिहू लागले. कुणी पाव म्हणे, कुणी मासे. एकाला पाच लांब पाती हवी होती, नुसती मजा म्हणून. "त्याला लिही, आधी पात्याखाली स्वतःची मान ठेव," चाचा गरजले. मी फक्त माफ करा असं लिहिलं. "तीच शिवी का इंग्रजीत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

संकेतस्थळावरच्या आमच्या दुकानाच्या पानासाठी सुरी घडवतानाचा व्हिडिओ लागणार होता. तो काढत असतानाच बंट्या आत आला. जामिनावर सुटलेला, सोबत दोघं.

"चाचा, धा कोयते पायजेत. गोऱ्यांना देतो, आमाला का न्हाई?"

"काय कापणार?" चाचांनी विचारलं.

बंट्या हसला. दोघांनी चाचांचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि बंट्याने त्यांच्याच घणाने तो ठेचला. एकदा नाही, तीनदा. सुरी तुटते तेव्हा कोरडा आवाज येतो. हा ओला होता. चाचा किंचाळले, पण "देतो" म्हणाले नाहीत. मी भिंतीला चिकटून उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याची मला सवय आहे. हातातला मोबाइल चालूच होता.

तो व्हिडिओ मी चौकीत दाखवला आणि बंट्याचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, "हळू बोला, ताई, ऐकू येतंय." हे मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच सांगितलं.

चाचांची तीन बोटं काढावी लागली. ते लातूरकडे मुलीच्या घरी राहायला गेले. जाताना घडवून ठेवलेल्या सुऱ्या त्यांनी माझ्या स्वाधीन केल्या. "विचारल्याशिवाय एकपण द्यायची नाही."

एक सोडून सगळ्या गेल्या. शेवटच्या सुरीसाठी परवा ऑर्डर आली. मी प्रश्न लिहिला. उत्तर आलं, पैसे दिलेत, तुला काय करायचंय? मी पुन्हा विचारलं. तुला कापीन, असं त्याने लिहिलं. मी ऑर्डर रद्द केली. आधीही बऱ्याच नाकारल्या होत्या. त्यात त्याने तक्रार केली. संध्याकाळपर्यंत संकेतस्थळाने दुकान बंद केलं.

मी चाचांना फोन लावला. "दुकान गेलं, चाचा."

"आणि सुरी?"

"माझ्याकडेच आहे."

चाचा म्हणाले, "बरं झालं. कांदा काप."