न दिसलेला बोर्ड

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी शहागंजातून अर्धा किलो नानखटाई घेतली आणि वैजापूरची वाट धरली. रॅली जिंकल्यापासून 'जिंकल्यावर कसं वाटतं ते लिही' म्हणून मित्रांनी डोकं खाल्लंय. घ्या, लिहितो.

मी संपतला भेटायला निघालो होतो. मोसमातल्या शेवटच्या, मी जिंकलेल्या त्याच रॅलीत तो माझ्या पुढे धावत होता. घाटातल्या एका वळणावर त्याची गाडी उलटी पडलेली दिसली. आमच्या खेळात असं झालं की आतल्या माणसानं 'ओके' लिहिलेला बोर्ड मागच्याला दाखवायचा. बोर्ड दिसला नाही तर मागच्यानं थांबायचंच. त्याचा गेलेला वेळ नंतर भरूनही देतात. बोर्ड नव्हता. माझा नेव्हिगेटर (शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा) 'थांब' म्हणाला. मी थांबलो नाही. संपत आणि त्याचा नेव्हिगेटर, दोघांना बेशुद्ध अवस्थेत माझ्या मागच्या गाडीवाल्यांनी बाहेर काढलं. पंचांनी विचारलं तेव्हा, बोर्ड पाहिला, असं मी बेधडक ठोकून दिलं. नेव्हिगेटर गप्प राहिला, पण परत माझ्या गाडीत बसला नाही. आपण खोटं बोललो हे संपतला तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठी हा प्रवास.

दौलताबादचा किल्ला उजवीकडे मागे पडला आणि कांद्याच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. लोक ज्याला चॅम्पियन म्हणतात तो एका ट्रॅक्टरमागे कांद्याची टरफलं झेलत रांगत होता. लासूरच्या अलीकडे टायर बसला. जॅक काढतोय तोवर दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला आपणहून थांबला. न विचारता पान्हा घेतला आणि नट सैल केले.

"उशीर होईल तुम्हाला," मी म्हटलं.

"होऊ द्या की. कुनी अडकलं तर थांबावंच लागतंय. त्यात काय लई मोठं?"

सगळ्या रस्त्यावर हेच वाक्य ऐकवायला नेमका हाच भेटायचा होता! स्टेपनी चढवली आणि धन्यवादही न म्हणता मी निघालो.

वैजापुरात मार्केट यार्डामागे संपतचं बी-बियाण्याचं दुकान, मागं घर. गाडी चालवणं त्याचं कायमचं बंद झालंय. एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालून तो गल्ल्यावर बसला होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"सुनंदा, कोन आलंय बघ!"

सुनंदावहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवूनच जायचं, भाऊजी."

ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेलं धान्य आणि मसाला दळून केलेलं पीठ) घातलेली झणझणीत आमटी, वर कच्चा कांदा. पहिला घास खाल्ला की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण संपतच आधी बोलला.

"मला वळणापर्यंतचंच आठवतंय. पुढं सगळं कोरं. पण तू बोर्ड पाहिलास, असं पंच म्हनले. म्हंजे शुद्ध जाता जाता पन मी मागच्याचा विचार केला, व्हय ना? गिऱ्हाइकांना सांगतो मी. गाडी गेली, खेळ गेला, पन येवढं तरी नीट केलं." तो बायकोकडे वळला. "हिला पटत नाय. तूच सांग हिला, कोनत्या हातात धरला होता मी बोर्ड?"

आता. आत्ताच. मला कळत होतं. वहिनी भाकरी हातात धरून थांबल्या होत्या.

"उजव्या," मी म्हटलं.

संपत हसला. वहिनींनी भाकरी माझ्या ताटात वाढली आणि आत गेल्या.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. नानखटाईचा डबा त्यांनी उघडलाही नव्हता. तसाच माझ्या हातात दिला.

"त्यांचा उजवा हात दाराखाली चेंगरला होता. पत्रा उचकटून काढला. अजून घास उचलवत नाही त्या हातानं."

हाताचं ऑपरेशन झालं एवढं मी ऐकून होतो. कोणता हात, हे विचारायची तसदी घेतली नव्हती. आणि तासभर समोर बसून, तो डाव्या हातानं जेवतोय हेही मला दिसलं नव्हतं.

"तुम्ही सांगायला आलात असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून जेवायला थांबवलं."

त्या घरात गेल्या. मला परत दार वाजवता आलं असतं. मी गाडी सुरू केली. जिंकण्याची मला लाज वाटते, आणि त्याहून जास्त त्या भाकरीची.

लासूरच्या पुढे रस्त्याकडेला मोटारसायकल लावून एक माणूस उभा दिसला. मी करकचून ब्रेक मारला, गाडी मागं घेतली, काच खाली केली. तो फोनवर बोलत होता, एवढंच. फोन बाजूला धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय भाऊ, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं.